रिपोर्ट नॉर्मल आला, पण त्रास खराय

नमस्कार मंडळी. आज खरंतर माझ्या आत्याची पिशवी कॅमेऱ्यासमोर ठेवायची होती, पण ती नको म्हणाली आणि बरोबरच आहे तिचं, म्हणून तोंडीच सांगतो. साडीच्या दुकानाची जाड पिशवी, आत चार वर्षांचे रिपोर्ट. ईसीजीच्या पट्ट्या, टूडी इको, तीनदा सोनोग्राफी, थायरॉईड, एक एमआरआय पण, त्याच्यासाठी चोपड्याहून नाशिकला जाऊन आले होते. केळीचे पैसे हातात आले की त्यातले थोडे या पिशवीत जायचे. सगळे रिपोर्ट नॉर्मल. आणि प्रत्येक नॉर्मल रिपोर्टनंतर घरात एकच वाक्य, "तुले काहीच व्हयेल नही." मी पण म्हटलंय ते, बऱ्याचदा. आज त्याच वाक्याबद्दल बोलायचंय.

आत्याला काय व्हायचं, तर छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, गळ्यात गोळा अडकल्यासारखं, आणि "पोटातला गॅस डोक्यात चढतो" असं ती सांगायची. सुरुवात झाली शेजारच्या शेतातले एक काका अचानक हार्ट अटॅकने गेले त्यानंतर. दहावं होत नाही तोच हिची धडधड सुरू.

आता हे मनाचे खेळ म्हणून सोडून देऊ नका, शरीरात खरंच काय होतं ते बघा. भीती वाटली की ॲड्रिनलिन वाढतं, ठोके वाढतात, घाम येतो, पोटाचं काम बिघडतं. माणूस नकळत भरभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे बोटांना, ओठांना मुंग्या येतात, चक्कर आल्यासारखं होतं. मोजता येतील अशा गोष्टी आहेत या. म्हणजे मुंग्या खऱ्या, धडधड खरी, पण हृदय चांगलं, म्हणून इको नॉर्मल येतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात आणि घरातल्यांना नेमकं हेच पचत नाही.

दुसरं म्हणजे लक्ष. उन्हाळ्यात रात्री लाईट जाते, पंखा बंद, सगळं सामसूम, कान उशीवर दाबला गेला की आपलाच ठोका ऐकू येतो, बरोबर ना? तो दिवसभर पण चालूच होता, आपण ऐकत नव्हतो. आत्या दिवसभर ऐकायची. मनगटावर बोटं, चपात्या लाटताना मध्येच थांबून नाडी. जितकं ऐकणार तितकी धडधड मोठी वाटणार, मोठी वाटली की भीती, भीतीने परत धडधड. आणि मानेतली गाठ दिवसातून वीसदा दाबून बघितली तर ती दुखणारच ना, मग "दुखतेय म्हणजे काहीतरी आहेच" असं होतं.

आणि रिपोर्ट काय करतो? दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी मशीन जुनं असेल तर, डॉक्टरने नीट बघितलं नसेल तर, असं सुरू होतं, की मग दुसरा डॉक्टर. रात्री मोबाईलवर "छातीत डाव्या बाजूला दुखणे" टाकून बघायचं, आणि तिथे सगळ्यात भयानक आजारच डोळ्यात भरतो. ती सुटका दोन दिवसांची असते आणि तिचीच सवय लागते, म्हणून मी म्हणतो की दहावी तपासणी भीती कमी करत नाही, ती भीतीला खाऊ घालते.

याला आधी हायपोकॉन्ड्रिया म्हणायचे. २०१३ मध्ये अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांचं निदान ज्यावरून करतात त्या पुस्तकात, ते नाव काढून दोन निदानं केली. त्रास ठळक आहे आणि त्याच्याभोवती विचार, काळजी, धावपळ प्रमाणाबाहेर गेलीय, सहसा सहा महिन्यांपेक्षा जास्त, तर सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर. त्रास नाहीच किंवा किरकोळ, पण मोठा आजार झालाय किंवा होणार हीच धास्ती, तर इलनेस अँझायटी डिसऑर्डर. मला यातली सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की पहिल्या निदानासाठी रिपोर्ट नॉर्मलच पाहिजेत ही अट राहिली नाही. ज्याला खरंच शुगर आहे, हृदयाचा आजार आहे, त्यालाही हे होऊ शकतं.

कन्व्हर्जन डिसऑर्डर म्हणून आणखी एक निदान असतं, त्याचं वेगळं. हात-पाय लुळे पडतात, झटके येतात, आवाज जातो. आपल्याकडे लगेच कांदा हुंगवतात, चप्पल हुंगवतात, बाहेरचं म्हणून भगताकडे नेतात नाहीतर "नाटकं करते" म्हणून सुनेला झापतात. १९०८ मध्ये चार्ल्स हूवर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने एक साधी तपासणी सांगितली. पेशंटला झोपवून लुळ्या पायाची टाच खाली दाबायला सांगितली तर दाबता येत नाही, पण चांगला पाय जोर लावून वर उचलायला सांगितला की तीच टाच आपोआप खाली दाबली जाते. म्हणजे नस शाबूत आहे, मुद्दाम हलवायला गेलं की मेंदूकडून हुकूम अडतोय. तिला तो पाय खरंच उचलता येत नसतो हो, खोटं बोलत नसते ती.

आणि पोरांनो, तुमच्यासाठी. एसटी स्टँडच्या मुतारीत "अशक्तपणा, गुप्तरोग, खात्रीशीर इलाज" असं लिहिलेलं वाचून ज्यांची झोप उडालीय त्यांनी ऐका. लघवीतून धातू, म्हणजे वीर्य, जातो म्हणून अंगात ताकद राहिली नाही, या भीतीला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये धात सिंड्रोम असं नाव दिलं. अशक्तपणा जाणवतो तो खरा, पण तो येतो काळजीतून, आणि वीर्य गेल्याने ताकद जात नाही. त्या पुड्यांवर पैसे घालवू नका, कळकळीने सांगतो.

मग तपासायचंच नाही का? तपासायचं. छातीत दाब येऊन घाम फुटला, शुद्ध हरपली, वजन आपोआप उतरतंय, शौचातून रक्त, तर आधी दवाखाना, हा व्हिडिओ नंतर. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा चक्कर नुसत्या उन्हाने पण येते, पाणी प्या, सावलीत बसा.

पण एकदा नीट तपासून झालं की डॉक्टर एकच ठेवा, आणि त्रास वाढला म्हणून न जाता ठरलेल्या तारखेला जा. सीबीटी नावाची बोलण्याची थेरपी असते, त्यात नाडी बघणं, विचारत राहणं हळूहळू कमी करायला शिकवतात, याचा फायदा होतो. एसएसआरआय गटातल्या, म्हणजे उदासी आणि काळजी कमी करणाऱ्या, गोळ्याही देतात, त्या झोपेच्या गोळ्या नाहीत. पहिल्या आठवड्यात कधीकधी जीव उलट जास्त घाबरतो, गुण यायला काही आठवडे लागतात, आत्याने पाचव्या दिवशी पुडी फेकून दिली होती, परत सुरू करायला चार महिने गेले. तुम्ही डॉक्टरांना फोन करा, मनाने बंद करू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

घरातल्यांनी काय बोलायचं हे आम्हाला पण शिकावं लागलं. मागच्या आठवड्यात रात्री साडेनऊला आत्याचा फोन, "मना जीव घाबरी ऱ्हायना," म्हणजे माझा जीव घाबरतोय. आधी मी म्हटलं असतं काही नाही झालं, झोप. या वेळी म्हटलं, त्रास होतोय ना, ओट्यावर जाऊन बस, श्वास हळू सोड, मी बोलतो तुझ्याशी. ईसीजीचं तिने विचारलंच. मी म्हटलं, आपली तारीख १२ ला आहे, तेव्हा विचारू. मग पंधरा मिनिटं ती केळीच्या भावाबद्दल बोलत होती, आणि फोन तिनेच ठेवला.