मोघम अर्ज

श्रोतेहो, नमस्कार.

2016 चा उन्हाळा आपल्यापैकी कोण विसरेल? 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, 5 लाख लिटर पाणी घेऊन. तेव्हा मी जिल्ह्यातल्याच एका गावात ग्रामसेवक होतो, आणि टँकरच्या मागणीचं माझं पत्र त्याच आठवड्यात परत आलं होतं. कोपऱ्यात लाल शाईचा शेरा: ‘मोघम. सविस्तर सादर करा.’

मला भयंकर राग आला. ‘गावात भीषण पाणीटंचाई निर्माण झालेली असून जनतेचे अतोनात हाल होत आहेत, तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.’ आता याहून काय लिहायचं? रात्री तेच पत्र पुन्हा वाचलं आणि ध्यानात आलं, गावाचं नाव बदललं की हे बीडला, परभणीला, जालन्याला कुठंही चालेल.

सकाळी सरपंचताईंना सोबत घेऊन विहिरीवर गेलो. दोराला दगड बांधून आत सोडला, तो कोरडाच वर आला. तिथंच ओट्यावर बसून लिहिलं: ‘लोकसंख्या 1,800. नळयोजनेची विहीर 3 एप्रिलपासून कोरडी. हातपंप दोन, पैकी एक बंद. दुसऱ्याला तासाला चार घागरी पाणी येते. माणशी 20 लिटर धरले तरी रोज 36,000 लिटर लागतात. 12,000 लिटरच्या टँकरच्या रोज तीन खेपा मंजूर कराव्यात.’ मेहेरबान नाही, अतोनात नाही. सुरुवातीला ‘महोदय’ ठेवलं. तेवढा मान पुरतो.

आपल्याकडे अर्ज म्हणजे पदर पसरणं, असं मनात घट्ट बसलंय. माहिती अधिकाराचा अर्ज घ्या. 2005 च्या कायद्यानं माहिती कशासाठी हवी, हे विचारायचीसुद्धा सोय ठेवलेली नाही, उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे. तरी लोक अर्धं पान कारणं देतात, माफी मागतात. ते अर्धं पान खोडा. कोणत्या रस्त्याचं, कोणत्या वर्षाचं, कोणतं बिल, ते लिहा.

क्रियापदाचंही तसंच. ‘कार्यवाही करण्यात येत आहे’ यात करणारा कोण? ‘मी सोमवारी पाहणी केली’ असं लिहिलं की माणूस उभा राहतो, आणि जबाबदारीही त्याच्याच अंगावर येते. म्हणूनच लिहिताना हात आखडतो, हे मला ठाऊक आहे.

माझी पुतणी वाळूजला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. तिनं साहेबांना मेल लिहिला होता, ‘काही पार्टमध्ये थोडा प्रॉब्लेम असू शकतो.’ मी विचारलं, किती गं? म्हणाली, काका, दोनशेतले चौदा. मग तेच लिही ना बाई! आणि उरलेला माल मोजला नसेल, तर ‘उद्या दुपारपर्यंत मोजून कळवते’ असं लिही. माहीत नसलेलं स्पष्ट सांगितलं की माहीत असलेल्यावर विश्वास बसतो.

तर त्या पत्राचं. तिसऱ्या दिवशी पाहणीला अधिकारी आले. हातात माझंच पत्र. विहिरीत वाकून पाहिलं, एकेका आकड्यावर टिंब केलं. मग हातपंपापाशी गेले, बाह्या सरसावल्या, बायकांच्या रांगेतली पहिली घागर मागून घेतली आणि घड्याळ लावून स्वतःच हापसायला लागले.