मधल्या हिवाळ्यांचा हिशेब

मंडळी, साताऱ्यात बर्फावरच्या शर्यतीवर व्याख्यान ठेवलंय म्हटल्यावर संयोजकांना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, याची मला कल्पना आहे. आपल्याकडे वेण्णा लेकवर पहाटे दवबिंदू गोठले तरी पेपरात फोटो येतो. पण ही शर्यत आपल्याला वाटते तेवढी परकी नाही.

माण-खटावच्या मैदानात बैलगाड्या कशा पळतात? आधी गट, मग सेमी, मग फायनल. फळी सुटली की शेजारची गाडी काय करते यावर आपलं नशीब निम्मं ठरतं. स्नोबोर्ड क्रॉसची रचना थेट अशीच आहे. पहिल्यांदा एकेकट्याला घड्याळ लावून सोडतात, त्या वेळेवरून क्रमवारी ठरते. मग चौघा-चौघांचे गट पडतात आणि प्रत्येक गटातले पहिले दोघे पुढे जातात. उतारावर मुद्दाम उंचवटे केलेले असतात, वळणांना बर्फाचे तिरके बांध असतात, मोठमोठ्या उड्या असतात. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले. ताशी साठ किलोमीटरच्या वर वेग. जाणूनबुजून ढकललं तर बाद करतात, पण चौघं एकाच वळणात शिरल्यावर धक्का कुणाचा आणि कसा लागला, हे पंचांनाही व्हिडिओवर बघावं लागतं. सगळा खेळ दीड मिनिटाच्या आत संपतो.

ऑलिम्पिकमध्ये हा प्रकार आला 2006 साली, इटलीतल्या तोरिनोला. महिलांच्या फायनलमध्ये अमेरिकेची लिंडसे जेकबेलिस पुढे होती. वय वीस. मागची स्वित्झर्लंडची तान्या फ्रीडन इतकी लांब होती की सोनं जमा धरायला हरकत नव्हती. शेवटून दुसऱ्या उडीला लिंडसेनं हवेत फळीची कड हातानं पकडली. दिसायला झकास, शर्यतीत गरज शून्य. ती उतरली ती फळीच्या कडेवर आणि पडली. उठेपर्यंत फ्रीडन पुढे निघून गेली. तिसरी त्याहून मागे होती म्हणून रौप्य तरी मिळालं. तोल सावरायला कड धरली, असं तिनं आधी सांगितलं. नंतर कबूल केलं की मजेत होते. मला ते कबूल करणं आवडतं. विशीतल्या पोरीला पुढे मोकळं मैदान दिसलं, अंगात आलं, झालं.

पण जगानं पुढची सोळा वर्षं तिला त्याच उडीवरून ओळखलं. 2010 ला व्हँकुव्हरमध्ये सेमीत ती मार्गाबाहेर गेली. 2014 ला सोचीत पुन्हा सेमीत पडली. 2018 ला प्याँगचांगमध्ये फायनल गाठली आणि चौथी आली. प्रत्येक वेळी टीव्हीवर तोरिनोची चित्रफीत. आता याच काळातला दुसरा हिशेब ऐका. जागतिक विजेतेपद 2005, 2007, 2011, 2015 आणि 2017 साली. एक्स गेम्समध्ये, म्हणजे साहसी खेळांच्या मोठ्या स्पर्धेत, दहा सुवर्णपदकं. मध्ये 2012 ला गुडघ्याचा लिगामेंट तुटला, शस्त्रक्रिया झाली, ती परत आली. म्हणजे जगातली सगळ्यात यशस्वी स्नोबोर्ड क्रॉस खेळाडू डोळ्यांसमोर खेळत होती आणि आपण तिला हरलेली म्हणत होतो, कारण आपण चार वर्षांतून एकदाच टीव्ही लावतो.

हे अमेरिकेचंच दुखणं आहे असं समजू नका. गोळेश्वरच्या खाशाबांचं 1952 चं हेलसिंकीचं कांस्य आपण भाषणात आणतो. 1948 ला लंडनला तेच खाशाबा सहावे आले होते. मधल्या चार वर्षांच्या मेहनतीबद्दल कितीजण बोलतात? मोहीच्या ललिता बाबरनं 2016 ला रिओत 3000 मीटर स्टीपलचेसची फायनल गाठली. पी. टी. उषा यांच्यानंतर ट्रॅकवर ऑलिम्पिक फायनल गाठणारी ती पहिली भारतीय महिला. प्राथमिक फेरीत राष्ट्रीय विक्रम केला, फायनलमध्ये दहावी आली. त्या आठवड्यात याच गावात मी ऐकलंय, ‘दहावीच आली व्हय?’ दुष्काळी माण तालुक्यातल्या पोरीनं पाण्यावरून उडी मारायची शर्यत पळावी, यातली गंमतसुद्धा त्या माणसाला दिसली नाही.

स्नोबोर्ड क्रॉसमध्ये तर एका शर्यतीवरून माणूस जोखणं फारच चुकीचं. पुढचा पडला आणि तुम्ही त्याच्यावर आदळलात, तर दोष कुणाचा? म्हणून या लोकांची निम्मी तयारी दैवाचा वाटा कमी करण्याची असते. गेट उघडताच दोन्ही हातांनी स्वतःला खेचून बाहेर काढायचं, कारण पहिल्या उंचवट्यावर जो पुढे असतो त्याला गर्दी नडत नाही. बर्फाचं तापमान बघून फळीला कुठलं मेण लावायचं हे ठरतं, आणि ते चुकलं तर सपाट भागात मागचा सहज पुढे निघतो. उलट मागे राहणाऱ्याचाही एक फायदा आहे: पुढच्याच्या आडोशाला वारा कमी लागतो, म्हणून शेवटच्या उतारावर हिशेब उलटतात.

आणि पैसा? दोन-चार नावं सोडली तर फारसा नाही. मिशिगनमधल्या आयर्न रिव्हरचा निक बॉमगार्टनर उन्हाळ्यात काँक्रीट टाकण्याचं काम करतो आणि हिवाळ्यात शर्यतीला जातो. 2022 ला बीजिंगला तो चाळीस वर्षांचा होता, चौथं ऑलिम्पिक. वैयक्तिक शर्यतीत उपांत्यपूर्व फेरीतच बाहेर पडला आणि कॅमेऱ्यासमोर रडला.

त्याच बीजिंगमध्ये 9 फेब्रुवारीला छत्तीस वर्षांची लिंडसे फायनलला उभी राहिली. सुरुवातीपासून पुढे, फ्रान्सची क्लोए त्रेस्पूश मागे, आणि या वेळी कुठल्याही उडीवर हात फळीकडे गेला नाही. सोनं. त्या खेळांतलं अमेरिकेचं पहिलंच. तीन दिवसांनी मिश्र शर्यत होती. यात आधी पुरुष उतरतो, तो जेवढ्या अंतरानं पुढे येतो तेवढ्या अंतरानं त्याच्या जोडीदारणीचं गेट आधी उघडतं. निक पहिला आला, पण आघाडी नावापुरतीच. वाटेत इटलीची मिकेला मोयोली लिंडसेच्या पुढे गेली. ही प्याँगचांगची विजेती, साधी बाई नव्हे. लिंडसेनं तिला पुन्हा गाठलं, मागे टाकलं आणि रेषा ओलांडली. खाली निक उभा होता. काँक्रीटवाल्याच्या गळ्यात ऑलिम्पिकचं सोनं पडलं.