कोरड्या मुलखातले पाण्याचे काम

मित्रहो, वाळवंटातले खडक वाऱ्याने घडतात, असा माझा समज होता. आयुष्य भूगोल शिकवण्यात गेले तरी तो पुरता गेला नव्हता. तो गेला अमेरिकेतील युटा राज्यात, भाच्याबरोबर गॉब्लिन व्हॅलीत तंबू ठोकून काढलेल्या तीन रात्रींत.

त्या दरीत वर्षाकाठी जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या मराठवाड्याची सरासरी त्याच्या तिपटीहून अधिक आहे. माणशी रोजचे चार लिटर पाणी आम्ही गाडीतून नेले होते, आणि तरीही सकाळी तंबूबाहेर जे दिसे ते सगळे पाण्याचेच काम होते. कुठे कमरेएवढे, कुठे दोन पुरुष उंच असे तांबूस खडक अळंब्यांसारखे दरीभर उभे आहेत. सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या वाळूचा आणि गाळाचा हा खडक. त्यात कठीण थराखाली मऊ थर असल्यामुळे खालचा भाग आधी झिजतो आणि माथा टोपीसारखा उरतो. एकमेकींना छेदणाऱ्या भेगांमुळे खडकाचे चौकोनी ठोकळे पडतात, आणि ठोकळ्याच्या कोपऱ्यावर तिन्ही बाजूंनी मारा होत असल्याने कोपरे सर्वांत आधी जाऊन तो गोल होतो. बालाघाटात रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात आपला काळा पाषाण कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटताना आपण पाहतो, तेथेही कोपरेच आधी जातात. मात्र तो खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. तिकडचा तांबूस रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे आपल्या गेरूचाच.

दुसऱ्या दिवशी जवळच्याच लिटल वाइल्ड हॉर्स या घळीत उतरलो. काही ठिकाणी ती इतकी अरुंद होते की पाठीवरची पिशवी काढून आडवे सरकावे लागते. भिंतींवरच्या तिरप्या रेघा म्हणजे प्राचीन वालुकागिरींचे उतार, दगड होऊन राहिलेले. या खडकातून वाट काढली ती लोंढ्यांनी. पाण्यातली वाळू आणि गोटे रंध्यासारखे काम करतात. डोंगरावर पाऊस झाला की कोरडा ओढा कसा अंगावर येतो, हे आपल्या गुराख्यांना सांगावे लागत नाही. तिकडे उघड्या खडकावर पाणी मुरत नाही, म्हणून धोका अधिक. १९९७ च्या ऑगस्टमध्ये ॲरिझोनातील अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले, तो पाऊस मैलोगणती दूर पडला होता.

त्यामुळे हवामानाचा अंदाज पाहूनच आम्ही आत शिरलो होतो. तरीही मध्यावर भाचा थांबला आणि त्याने वर बोट दाखवले. आमच्या डोक्यावर दोन पुरुष उंचीला, दोन्ही भिंतींच्या मध्ये, झाडाचा एक सोललेला ओंडका आडवा अडकून बसला होता.