चाळीस दिवसांचा शब्द

व्हेनिसभोवतीचं हे उथळ पाणी, आणि त्यातलं हे हिरवं बेट, लाझारेत्तो नुओवो. 'क्वॉरंटीन' म्हणजे काय, हे समजून घ्यायला आधी इथंच यायला हवं.

ही लांबलचक वखार शंभर मीटरहून मोठी आहे. पूर्वेकडून आलेल्या जहाजांचा माल इथं उतरायचा. गाठोडी सोडायची, कापूस-लोकर वाऱ्यावर सतत उलटीपालटी करायची, जुनिपर आणि रोझमेरीची धुरी द्यायची. मुदत संपेपर्यंत हमाल, पहारेकरी, व्यापारी सगळे इथंच अडकलेले.

आता ही भिंत जरा जवळून बघा. लाल रंगातली ही अक्षरं त्याच माणसांनी लिहिलेली. कुठून आलो, कुठला माल आणला. सायप्रस, कॉन्स्टँटिनोपल ही नावं आजही लागतात.

ही माणसं आजारी नव्हती. प्लेगच्या रोग्यांसाठी १४२३ पासून वेगळं बेट होतं, लाझारेत्तो वेक्यो. १४६८ मध्ये ठरलेलं हे दुसरं बेट होतं ते धडधाकट दिसणाऱ्यांसाठी, ज्यांच्या अंगात रोग असेल किंवा नसेलही. रोग्याला बाजूला ठेवणं म्हणजे 'आयसोलेशन'. 'क्वॉरंटीन' म्हणजे खात्री होईपर्यंत थांबणं. हा फरक पुसला की निरोगी माणसावर विनाकारण रोग्याचा शिक्का बसतो.

पण थांबायचं किती? समुद्रापलीकडचं, आजच्या क्रोएशियातलं हे बंदर दुब्रोव्हनिक, तेव्हाचं रागुसा. १३७७ मध्ये इथल्या कौन्सिलनं ठराव केला: प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांनी महिनाभर शहराबाहेर राहायचं. पुढे महिन्याचे चाळीस दिवस झाले. इटालियनमध्ये चाळीस म्हणजे 'क्वारांता'. त्यावरून व्हेनिसच्या बोलीत 'क्वारांतेना'.

इंग्रजी कायद्यात याच मुळाचा शब्द आधीपासून होता. नवरा वारल्यावर त्याच्या घरात चाळीस दिवस राहायचा विधवेचा हक्क, तो 'क्वॉरंटीन'. जहाजं थांबवण्याचा अर्थ त्याला सतराव्या शतकात चिकटला. उच्चारताना जोर पहिल्या 'क्वॉ'वर, आणि शेवटी 'टीन'. मराठीत रुळलेलं 'टाईन' स्पेलिंग पाहून आलेलं. बोलताना ते सुधारणं अवघड नाही.

बंदरांचे वाद, व्यापाराचं नुकसान, देशादेशांतले करार हे सगळं मागोमाग आलंच. मुदतही आता रोगानुसार ठरते, चाळीसचा आकडा फक्त नावात उरलाय.

आणि हा डोलकाठीवरचा पिवळा बावटा, इंग्रजी 'क्यू' अक्षराचा. परक्या बंदरात शिरताना जहाज तो आजही चढवतं. त्याचा आजचा अर्थ: जहाजावर रोगराई नाही, आत यायची परवानगी द्या.