विचारून सांगते

(पडद्यावर : मार्कंडेय नदीच्या काठचं गाव, सकाळचे नऊ. देवळाच्या कट्ट्यावर टेबल. त्यावर भिंग, वही, कात्री आणि पाण्याची बाटली.)

चैत्र सरत आलाय. वळवाचा एक शिडकावा होऊन गेला, दुसऱ्याची वाट बघणं चाललंय. बेळगावपासून हाकेच्या अंतरावरच्या या गावात आज झाडांचा दवाखाना लागलाय. डॉक्टर तिघी. एक काकू शिवणकाम करतात, दुसऱ्या अंगणवाडीत आहेत, तिसरी पोरगी यंदाच डिग्री होऊन घरी आहे. पाटी एका बाजूनं मराठी, दुसऱ्या बाजूनं कन्नड.

पहिला नंबर एका आजींचा. कॅरीबॅगमधून जास्वंदीची फांदी काढून त्यांनी ती टेबलावर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच.

"कसलं औषध मारू, तेवढं सांग."

काकू औषधाचं नाव काढत नाहीत. झाड कुंडीत आहे का जमिनीत? पाणी कोण घालतं? ऊन किती वेळ असतं? आणि खोडावरनं मुंग्या चढतात काय?

"मुंग्या हाईत की. त्यांचं काय?"

(पडद्यावर : फांदीचा शेंडा जवळून. कापसासारखे पांढरे पुंजके, त्यातून ये-जा करणाऱ्या काळ्या मुंग्या.)

मुंग्यांचंच तर सगळं आहे. हा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. तो झाडाचा रस ओढतो आणि मागून गोड चिकटा सोडतो. मुंग्यांना तो गोडवा हवा असतो, म्हणून त्या ढेकणांची राखण करतात, उचलून दुसऱ्या फांदीवर नेऊनही ठेवतात. गवळी म्हशी राखतो, तसंच. मुंग्यांची वाट मोडली नाही तर वरून कितीही फवारा, पंधरा दिवसांनी कापूस पुन्हा हजर.

कन्नडमध्ये या किडीला म्हणतात 'हिट्टु तिगणे'. हिट्टु म्हणजे पीठ, तिगणे म्हणजे ढेकूण. सीमेवरून इतकी वर्षं भांडण चाललंय, पण या किडीचं नाव ठेवताना दोन्ही भाषांनी काही कुरकुर केलेली दिसत नाही.

आता काकू भिंग आजींच्या हातात देतात. "ह्यातलं एक पळतंय बघा."

खरंच पळतंय. बाकीचे पुंजके जागच्या जागी सुस्त, आणि त्यांच्यात एक जरा मोठं, झिपऱ्या अंगाचं पांढरं काहीतरी लगबगीनं चाललंय. ही क्रिप्टोलेमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी. हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. कॉफीवरच्या किडीसाठी १८९८ साली तो भारतात आणला, आणि इथे तो रमला पिठ्या ढेकणांवर ताव मारण्यात. अळी दिसते अगदी आपल्या भक्ष्यासारखीच. म्हणजे घाईत औषध मारणारा माणूस चोराबरोबर पोलिसालाही मारतो.

आजी बराच वेळ भिंगातून बघत राहतात. मग सल्ला मिळतो. फार माखलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. ही पळणारी जिथं दिसेल ती फांदी तशीच ठेवा. बाकीच्यांवर पाण्याची जोरदार धार मारा. झाडाची जी फांदी भिंतीला टेकलीय ती छाटा, कारण मुंग्या तिथूनही येतात. एवढ्यानं नाहीच भागलं तर निंबोळी अर्क : लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड, रात्रभर भिजवून, फडक्यानं गाळून, संध्याकाळी फवारायचा.

(पडद्यावर : गावातली एक माडी. सतरंजीवर बसलेल्या बायका, दोन-तीन पुरुष, काचेच्या बरण्या.)

या तिघी काही शेतकी कॉलेजात गेलेल्या नाहीत. त्या शिकल्या इथं, या माडीवर, रविवार-रविवार करत. शिकवायला बागायतशास्त्र शिकलेले एक निवृत्त मास्तर. फी नाही. अट एकच : शिकलेलं गावाला परत द्यायचं, कट्ट्यावर बसून.

ही कल्पना आली सातासमुद्रापलीकडून. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, सिएटल आणि टॅकोमाच्या आसपास, १९७० च्या सुमारास घरोघरी बागा वाढल्या आणि विद्यापीठाच्या विस्तार अधिकाऱ्यांना लोकांचे फोन आवरेनात. तेव्हा त्यांनी ठरवलं, हौशी माळ्यांनाच शिकवू, आणि शिकवणीच्या बदल्यात त्यांचे तास मागू. १९७२ साली टॅकोमाच्या एका मॉलमध्ये सल्ल्याचं टेबल लावून बघितलं, पुढच्या वर्षी पहिली तुकडी शिकून बाहेर पडली. 'मास्टर गार्डनर' हे नाव तेव्हाचं.

आपल्याकडे शास्त्राची उणीव नाही. बागलकोटचं बागायत विद्यापीठ २००८ पासून आहे, त्याचं कॉलेज इथंच बेळगाव जिल्ह्यात, अरभावीला आहे. मत्तिकोप आणि तुक्कानट्टीला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. पण ती सगळी शेतकऱ्यासाठी. परसातल्या चार वांग्यांची चौकशी घेऊन तिथवर कोण जाणार? आणि जिल्हा केवढा! मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीला पाऊस थांबता थांबत नाही, आणि त्याच जिल्ह्यातल्या अथणीला पावसाची वाट बघण्यात हंगाम जातो. कणकुंबीला तांबडी माती, अथणीला काळी. मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस 'एक दिवसाआड पाणी घाला' म्हणतो, ते कुणासाठी? माझा कढीपत्ता अशाच एका सल्ल्यानं गेला. रोज ताक ओतत होतो. मुळं कुजल्यावर कळलं.

म्हणून पहिला धडा मातीचा. बरणीत निम्मी माती, वर पाणी, हलवून ठेवायची. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा काही तासांनी, चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाण्यात तरंगत असते. प्रत्येकीनं आपापल्या परसातली माती आणली. एकाच गल्लीतल्या दोन बरण्या एकीसारखी दुसरी नव्हती.

अवघड धडा वेगळाच. कन्नडमध्ये म्हण आहे, 'हित्तल गिड मद्दल्ल'. परसातलं झाड औषध होत नाही. आपण म्हणतो, पिकतं तिथं विकत नाही. शेजारणीचा सल्ला कोण ऐकणार? म्हणून नव्या स्वयंसेवकाला वाटतं, धडाधड उत्तर दिलं पाहिजे, नाहीतर पत राहणार नाही. मास्तर या समजुतीवरच तुटून पडतात. माडीवर खोटे पेशंट बसवतात, मुद्दाम न येणारा प्रश्न विचारतात, आणि समोरचीकडून एकच वाक्य म्हणवून घेतात : "मला माहीत नाही, विचारून सांगते."

म्हणताना सगळ्या हसतात. मग एकेकीची जीभ अडते.

(पडद्यावर : पुन्हा कट्टा. दुपार. गर्दी ओसरलेली.)

शेवटी आल्या एक मावशी. त्यांच्या मांडवावरच्या दुधीला इवले इवले दुधी लागतात आणि पिवळे होऊन गळतात. डिग्रीवाली पोरगी वही चाळते. मागच्या पानावर जाते, परत येते. मग मान वर करते.

"मावशी, हे मला नाही माहीत. विचारून सांगते."

मावशी 'बरं' म्हणाल्या, पण कशा म्हणाल्या ते तुम्ही ऐकायला हवं होतं.

(पडद्यावर : तीन दिवसांनंतर, तिन्हीसांज. दुधीचा मांडव, टॉर्चचा उजेड.)

पोरगी आलीय. मास्तरांना विचारलं, मास्तरांनी केंद्रात फोन केला. दुधीची फुलं उमलतात संध्याकाळी. नर फूल नुसत्या लांब देठावर, मादी फुलाच्या मागे बारकुंडा दुधी आधीपासून असतो. परागकण पोचले नाहीत तर तो वाढत नाही, गळतो. पतंग येईनात, तर हातानं करायचं.

ती एक नर फूल खुडते, पाकळ्या मागे दुमडते आणि मधला दांडा मादी फुलात हलकेच फिरवते. मावशी टॉर्च धरून उभ्या. दुसरं फूल. तिसरं.

"अगं बाई," मावशी म्हणतात, "लगीनच लावालीस की गं!"

आणि टॉर्च पोरीच्या हातात देऊन चौथं फूल त्या स्वतः खुडतात.