गुलाबाच्या पानावरचा गोल काप

नमस्कार श्रोतेहो.

मधमाशी म्हटलं की आपल्याला पोळं आठवतं आणि मध आठवतो. पण जगात मधमाश्यांच्या २० हजारांहून जास्त जाती आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक पोळं बांधतच नाहीत. एकट्या राहतात, एकटीनंच घर करतात. त्यांतल्याच एकीची गोष्ट सांगते.

एका सकाळी माझ्या गुलाबाच्या पानांच्या कडा कापलेल्या दिसल्या. कुरतडलेल्या नव्हे, कापलेल्या. कंपासनं आखावेत तसे गोल तुकडे नाहीसे झालेले. मला वाटलं, अळी पडली. मी औषध काढलं, पंप भरला, आणि तेवढ्यात ती आली. काळसर, अंगानं ठेंगणी, पोटावर पिवळी लव. पानाच्या कडेवर बसली आणि दहा आकडे मोजून होईपर्यंत तिनं एक तुकडा कातरला, पोटाखाली धरला आणि उडाली. मी पंप हातात तसाच धरून तिच्या मागे गेले. टोमॅटोच्या आधाराला मी बांबू रोवले होते. त्यातल्या एकाच्या वरच्या उघड्या तोंडातून ती आत शिरली. क्षणभरानं रिकामी बाहेर आली आणि पुन्हा गुलाबाकडे!

मी पंप रिकामा केला.

पुढचे कितीतरी दिवस मी रोज तिथे बसून पाहत होते. आधी पानाचे तुकडे यायचे, मग तिच्या फेऱ्या तुळशीकडे आणि कुंपणाशी लावलेल्या तुरीकडे. परतताना पोटाची लव परागकणांनी भरलेली. पोळ्यातली माशी पराग पायांवर आणते, ही पोटावर आणते. शेजारचाच एक बांबू तडकला होता, तो हलकेच उकलून पाहिला. आत पानांच्या सुरळ्या, एकामागे एक, विड्या रचून ठेवाव्यात तशा! लांबट तुकडे भिंतीला, गोल तुकडे झाकणाला. एकेका सुरळीत पराग आणि मधुरस कालवून केलेली शिदोरी, आणि तिच्यावर एकच अंडं. ही आई बहुधा आपली पिल्लं पाहायला उरत नाही. सगळं आधीच भरून ठेवून जाते. मी त्या दोन्ही फाका जुळवून दोरीनं घट्ट बांधल्या.

तर श्रोतेहो, पानावर गोल काप दिसला तर ती कीड नव्हे. पुन्हा सांगते, गोल काप म्हणजे कीड नव्हे. ती पान खात नाही, घरासाठी नेते, आणि झाडाचं त्यानं सहसा काही बिघडत नाही.

अशा माश्यांसाठी आपल्या मातीतली झाडं लावा: तुळस, निर्गुडी, तेरडा, तूर, जागा असेल तर करंज. कुंभा आपोआप उगवला तर उपटू नका. तण हा शब्दच मला पटत नाही. नाव ठाऊक नसलेल्या झाडाला आपण तण म्हणतो आणि परदेशी रोपाचं नाव मात्र तीन-तीनदा विचारून पाठ करतो. भरगच्च पाकळ्यांच्या फुलांवरही भिस्त ठेवू नका. त्यांत बहुतेकदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, मग पराग कुठून मिळणार? तुळशीच्या मंजिऱ्याही सगळ्या खुडू नका, थोड्या फुलू द्या.

आणि थोडी जमीन उघडी राहू द्या. एकट्या राहणाऱ्या कितीतरी माश्या जमिनीतच बीळ करतात. अंगणभर फरशी घालण्याची ही हौस मला खरंच समजत नाही. पावसाचं पाणी मुरायला जागा नाही, माशीला घर करायला जागा नाही.

औषध फवारू नका, फुलावर तर मुळीच नको. बांबूचे पेर एका बाजूनं बंद ठेवून कापा, उघडं तोंड किंचित खाली झुकेल असं, पाऊस लागणार नाही अशा जागी बांधा.

माझा दोरी बांधलेला बांबू मी तसाच ठेवला होता. काही आठवड्यांनी एका सकाळी त्याच्या तोंडावरचं पानाचं झाकण आतून कुरतडलेलं दिसलं. आधी मिशा बाहेर आल्या, मग डोकं. तो नर होता, नर बहुधा आधी निघतात. तो थोडा वेळ उन्हात बसला आणि निर्गुडीकडे उडून गेला.

नमस्कार.