एरिया सुधारला

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या इमारतीत दूध घालणारे भाऊ पहाटे सव्वापाचला येतात. परवा गेटपाशी गाठ पडली, तेव्हा सहज विचारलं, समोरच्या नव्या टॉवरमध्ये किती रतीब लागले? म्हणाले, "काका, अठ्ठेचाळीस फ्लॅट, नऊ पिशव्या." आणि किक मारून गेले.

मी बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर बावीस वर्षं काढली. कुठल्या इमारतीत किती फ्लॅट विकले गेले, हे मला कागदांवरून कळायचं. त्यांतल्या किती घरांत चूल पेटते, हे मात्र दूधवाल्यालाच माहीत.

आम्ही नाशिकमध्ये गंगापूर रोडला राहायला आलो तेव्हा नातेवाईक म्हणायचे, एवढ्या लांब? रात्री रिक्षा तरी मिळते का? आनंदवल्ली ओलांडली की मळे सुरू व्हायचे. पेरूच्या बागा, ऊस, कोबी. सोमेश्वरला रविवारी डबे घेऊन जायचं आणि धबधब्याचे तुषार अंगावर घेत जेवायचं. बाकीचे सहा दिवस तिथे पुजारी आणि गुरं. त्याच्याही पुढे गंगापूर धरण, १९६५ साली पुरं झालेलं. धरणावर जाणं म्हणजे सहलच. सगळ्या भागाला एक सुस्ती होती. दुपारी एक ते चार दुकानं बंद, आणि त्याबद्दल कुणाला काही वाटत नसे.

मग २००० साली सावरगावकडच्या सुला वायनरीची पहिली वाइन बाजारात आली. हळूहळू शनिवारी मुंबईच्या नंबरच्या गाड्या दिसू लागल्या. पाहुणा आला, संध्याकाळी धरणावरचं वारं त्याच्या अंगाला लागलं, आणि त्यानं विचारलं, "इथे गुंठ्याचा भाव काय?" हा प्रश्न आम्हाला कधी सुचलाच नव्हता. पुढे मुंबईचा रस्ता चौपदरी झाला, २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला, आणि आता तर बिल्डरांच्या जाहिरातींत २०२७ चा कुंभमेळासुद्धा गुंतवणुकीचं कारण म्हणून छापून येतो. गोदामाईला काय वाटत असेल, कोण जाणे.

इंग्रजीत याला जेंट्रिफिकेशन म्हणतात. रूथ ग्लास नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ साली लंडनमधल्या कामगारवस्त्यांबद्दल लिहिताना हा शब्द वापरला. पैसेवाले आले, जुनी घरं नटली, आणि मूळचे लोक हळूहळू तिथून हलले. मराठीत यासाठी जोडाक्षरांचा एखादा शब्द कुणीतरी घडवेलही, पण नाशिकमध्ये आपण म्हणतो, "एरिया सुधारला."

आमचा एरिया सुधारला तेव्हा आधी गिरणी गेली. गिरणीवाल्यांचा गाळा भाड्याचा. करार अकरा महिन्यांचा, आणि दर अकरा महिन्यांनी मालकाच्या चेहऱ्यावर तेच ओशाळं हसू. शेवटच्या दिवशी गिरणीवाल्यांनी पट्टा काढला, जातं पोत्यात बांधलं. भिंतीवर पिठाचा जो पांढरा थर होता, तो खरवडायला रंगाऱ्याला दोन दिवस लागले. आता तिथे कॅफे आहे. तिथल्या एका कॉफीच्या पैशात आमचं पंधरा दिवसांचं दळण झालं असतं. कॉफी चांगली असते, खोटं कशाला बोलू, मीही जातो. दळण मात्र सातपूरला न्यावं लागतं.

गिरणीमागोमाग भाडेकरू गेले. दवाखान्यातल्या नर्सबाई, क्लास घेणारे सर. कुणी म्हसरूळला, कुणी आडगावकडे. ज्यांची स्वतःची जमीन होती, त्यांनाही सुख नव्हतं. २०१८ साली मोकळ्या जमिनींवरच्या करवाढीविरुद्ध नाशिकचे शेतकरी रस्त्यावर उतरले होते, ते आठवत असेल तुम्हाला. मळा विकायचा नाही म्हटलं, तरी मळ्याचा भाव वाढलेला असतोच.

आता तुम्ही विचाराल, एवढी घरं घेऊन लोक ती बंद का ठेवतात? साधा हिशेब सांगतो. समजा फ्लॅट ऐंशी लाखांचा आहे आणि भाडं महिना वीस हजार. वर्षाचे दोन लाख चाळीस हजार, म्हणजे तीन टक्के. त्यातून घरपट्टी, मेंटेनन्स, रंगकाम वजा करा. बँकेतली मुदत ठेव याहून जास्त देते. म्हणजे भाड्यासाठी कुणी घर घेतच नाही, भाव वाढेल म्हणून घेतात. भाडेकरू ठेवला तर भिंतीला खिळे पडणार, विकायच्या वेळी त्याला ऊठ म्हणायचं. त्यापेक्षा कुलूप बरं. पूर्वी दुसरं घर रिकामं ठेवलं तरी त्याचं मानीव भाडं, म्हणजे मिळालं असतं तेवढं भाडं, धरून प्राप्तिकर लागायचा. २०१९ च्या अर्थसंकल्पानं दोन घरं स्वतःच्या वापरातली धरायला मुभा दिली. कुलपाला तेवढी सोय झाली.

आमच्या कर्जाच्या अर्जात एक रकाना असायचा: घर स्वतः राहण्यासाठी की गुंतवणुकीसाठी? बहुतेक जण "राहण्यासाठी" लिहायचे. मी शिक्का मारायचो.

इथवर मी मुंबईकरांच्या नावानं बोटं मोडतोय असं वाटलं असेल. तर गेल्या मार्चची गोष्ट सांगतो. माझे साडू निफाडचे, द्राक्षबागायतदार. त्यांनी काढलं, दापोलीकडे समुद्राजवळ एक नारळी-पोफळीची वाडी आहे, अर्धी-अर्धी घेऊ. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, कुळकायद्याचं कलम ६३. सिन्नरकडची वडिलोपार्जित दीड एकर कोरडवाहू माझ्या नावावर असल्यानं मीही कागदोपत्री शेतकरी. निघालो.

एजंट मोठा हुशार. आपल्याकडे २००८ च्या पुरानंतर गोदाकाठी निळी आणि लाल पूररेषा आखली, तशी किनाऱ्यावर भरतीरेषा. गावठाणाबाहेर तिथून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम सहसा चालत नाही. गड्यानं ते पावलांनी मोजून दाखवलं आणि त्याची पावलं भलतीच लांब पडत होती. मग शेजारच्या कौलारू घराकडे मान हलवून हळूच म्हणाला, "साहेब, आजी आहेत तोवर थांबायचं. मग तोही तुकडा सुटेल."

आजींनी पडवीत बसवलं, कोकम सरबत दिलं. कुठून आलात? नाशिकहून. "म्हणजे मुंबईकरच की," त्या म्हणाल्या. साडूंनी समजावायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या लेखी घाटावरून गाडीतून उतरणारा तो मुंबईकर. पलीकडच्या बंगल्यात पोहायचा तलाव झाल्यापासून त्यांच्या विहिरीचं पाणी वैशाखात मचूळ लागतं. किनाऱ्यालगत गोड पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. बोअरनं भसाभस उपसलं की खालचं खारं वर चढतं. हे मला नंतर कळलं. आजींना ते चहात कळलं होतं.

निघताना त्यांनी विचारलं, "राहायला येणार, की कुलूप लावणार?"

बावीस वर्षं जो प्रश्न मी लोकांना विचारला, तो पहिल्यांदा कुणीतरी मला तोंडावर विचारला. साडू म्हणाले, "येणार ना, राहायलाच येणार." मी चपला घालत होतो.

ती वाडी आम्ही अजून घेतलेली नाही. यात माझा काही मोठेपणा नाही. सातबाऱ्यावर बावीस नावं आहेत, काही ठाण्याला, काही बडोद्याला, एक मस्कतला. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय खरेदीखत होत नाही. मागच्या आठवड्यात साडूंचा फोन आला होता. म्हणाले, बडोद्याच्या दोन्ही सह्या मिळाल्या.

नमस्कार.